खंदकापलीकडचे घर

दिल्लीच्या पुराण्या किल्ल्याच्या तटाखाली जे मोठे प्राणिसंग्रहालय आहे, त्यात दर वर्षी श्रावण सरता सरता काही पाहुणे येऊन उतरतात. त्यांना कोणी निमंत्रण धाडलेले नसते, त्यांच्यासाठी कोणी किंमत मोजलेली नसते, की कोणी त्यांना जाळ्यात धरून आणलेले नसते. हे पाहुणे म्हणजे चित्रबलाक पक्षी. माणसाच्या कमरेइतकी उंची, पांढरे अंग, छातीवर काळ्या पट्ट्यांची नक्षी, शेपटीपाशी गुलाबी पिसांचा झुपका, नारिंगी चेहरा आणि टोकाशी किंचित खाली वळलेली लांब पिवळी चोच. भिगवणच्या बाजूला उजनीच्या जलाशयाच्या काठी ज्यांनी हे पक्षी पाहिले असतील, त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. संग्रहालयातील तळ्यांत लहान लहान बेटे आहेत. त्या बेटांवरील विलायती बाभळींवर हे पक्षी काटक्यांची घरटी रचतात, अंडी घालतात, पिले वाढवतात आणि फाल्गुनाच्या सुमारास निघून जातात. १९६० सालापासून, म्हणजे संग्रहालय उघडल्याच्या दुसऱ्याच वर्षापासून, त्यांचे हे येणे-जाणे चालू आहे.

मौज अशी की, तिकीट काढून आत गेलेला प्रेक्षक बहुधा या पक्ष्यांपाशी थांबत नाही. त्याला वाघ पाहायचा असतो, सिंह पाहायचा असतो. झाडावर बसलेले हे पक्षी तर फुकटचे! परंतु मला मात्र वाटते की, या साऱ्या उद्यानात सर्वांत मोलाची साक्ष देणारे कोणी असतील, तर ते हेच. बाकीचे सर्व रहिवासी येथे आणले गेले, किंवा येथेच बंदिस्तीत जन्मले. हे तेवढे आपल्या पायांनी, किंवा आपल्या पंखांनी म्हणा, आले. त्यांनी ही जागा पाहिली, पारखली आणि पसंत केली. एखादे घर चांगले की वाईट हे ठरवायचे असेल, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारावे, की त्या घरात राहणाऱ्याला? उत्तर उघड आहे. तरीसुद्धा प्राण्यांची घरे बांधताना माणसाने फार मोठ्या काळापर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्यालाच विचारले. त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

माझ्या लहानपणी एका शहरातील बागेत एक अस्वल होते. लोखंडी गजांचा पिंजरा, खाली फरशी, कोपऱ्यात पाण्याचा हौद. ते अस्वल पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून निघे, चार पावले टाकी, मान एका बाजूला झटकून वळे आणि पुन्हा चार पावले टाकी. सकाळी गेलो तरी तेच, संध्याकाळी गेलो तरी तेच. आम्हां मुलांना वाटे, ते नाचत आहे. आम्ही हसत असू, टाळ्या पिटीत असू आणि बक्षीस म्हणून गजांतून शेंगदाणे फेकीत असू. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की, एकच हालचाल अशी अखंड आणि निरर्थकपणे करीत राहणे हे कोंडलेल्या जनावराच्या मनाला झालेल्या इजेचे लक्षण असते. जंगलात अस्वल वारुळे उकरते, मध शोधते, फळे हुंगत मैलोगणती हिंडते. त्याचा सारा दिवस शोधण्यात जातो. पिंजऱ्यात शोधण्यासारखे काहीच उरत नाही, तेव्हा ते बिचारे चार पावलांतच आपले रान चालून संपवते. ते समजल्यापासून त्या टाळ्यांची आठवण मला सुखाची वाटत नाही.

तसे पाहिले, तर पिंजरा बांधणारे लोक दुष्ट होते असे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील संग्रहालय हे नावाप्रमाणे खरोखरच संग्रह होते. टपाल तिकिटांच्या वहीत जसे प्रत्येक देशाचे एक तिकीट असावे, तसे प्रत्येक जातीचे एक जनावर आपल्याकडे असावे, ते स्वच्छ दिसावे, फरशी पाण्याने धुता यावी, एवढीच त्यांची दृष्टी होती. बरे, घर सजवायचे म्हणाल, तर त्यातही ते मागे नव्हते. बेल्जममधील अँटवर्पच्या संग्रहालयाने १८५६ साली हत्ती आणि जिराफ यांच्यासाठी प्राचीन इजिप्तच्या देवळासारखी इमारत उठवली. बर्लिनच्या संग्रहालयाने १८७३ च्या सुमारास हत्तींसाठी रंगीबेरंगी शिखरांचे हिंदुस्थानी धाटणीचे मंदिर बांधले. हत्ती हिंदुस्थानचा, तेव्हा त्याचे घरही हिंदुस्थानी असावे, असा तो हिशेब! हत्तीला शिखराचा काय उपयोग? त्याला अंग घासायला झाड हवे, लोळायला चिखल हवा, सोबतीला कळप हवा. परंतु हत्तीने काही मागितले नव्हते आणि प्रेक्षक तर शिखरे पाहून प्रसन्न झाला होता.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का दिला तो जर्मनीतील हांबुर्ग शहराच्या कार्ल हागेनबेक नावाच्या गृहस्थाने. हा जनावरांचा व्यापारी. साऱ्या जगातून प्राणी पकडून आणावेत आणि संग्रहालयांना व सर्कशींना विकावेत, हा त्याचा धंदा. जनावरांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती: वाघाला अडवायला गज लागतातच असे नाही. वाघ किती लांब उडी मारतो हे एकदा मोजले, की त्याहून रुंद खंदक पुरे. त्याने आपल्या जनावरांच्या उड्या मोजल्या, १८९६ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९०७ साली हांबुर्गजवळ स्टेलिंगेन येथे आपले उद्यान उघडले. तेथे प्रेक्षक उभा राहिला, की त्याला समोर तळ्यात पाणपक्षी दिसत, त्यामागे माळावर चरणारी जनावरे, त्यामागे कड्याच्या कुशीत सिंह आणि सर्वांत मागे उंच खडकावर डोंगरी मेंढे. मधले खंदक त्याच्या नजरेला पडत नसत. जणू सिंह आणि हरिण एकाच रानात नांदत आहेत! लोकांनी तोंडात बोट घातले. पुढच्या शतकात जगातील कितीतरी संग्रहालयांनी तोच कित्ता गिरवला.

परंतु येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. याच हागेनबेकने १८७४ पासून माणसांचीही प्रदर्शने मांडली होती. प्रथम लॅपलँडचे लोक त्यांच्या रेनडिअरांसह आणले, पुढे सिलोनमधील सिंहली माणसे आणली. त्यांच्या झोपड्या उभारल्या आणि तिकीट लावून ती माणसे युरोपला दाखवली. देखावा हुबेहूब होता, हे खरे. पण त्या झोपडीतील माणसाला आपण घरी आहोत असे वाटत असेल काय? देखावा खरा असणे आणि घर खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून जितके स्पष्ट होते, तितके इतर कशावरूनही होत नाही. गज काढल्याने प्रेक्षकाच्या मनावरचे ओझे उतरले. आत राहणाऱ्याचे ओझे किती उतरले, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

स्वतंत्र भारताने आपल्या राजधानीत प्राणिसंग्रहालय उभारण्याचे ठरवले, तेव्हा हीच खंदकांची पद्धत पसंत केली. भारतीय वन्यजीव मंडळाने १९५२ साली हा विचार पुढे मांडला. पुराणा किल्ला आणि हुमायूनची कबर यांच्यामधली जागा निवडण्यात आली. आरंभी सिलोनमधील देहिवळा येथील संग्रहालयाचे प्रमुख मेजर वाइनमन यांचा सल्ला घेतला गेला आणि पुढे हागेनबेक घराण्यातीलच कार्ल-हाइन्रिश हागेनबेक यांच्याकडून आराखडा करून घेऊन तो येथील परिस्थितीला जुळवून घेण्यात आला. १ नोव्हेंबर १९५९ रोजी या उद्यानाचे उद्घाटन झाले, ते त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री आणि विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हस्ते. शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचलेल्या या मराठी माणसाच्या हातून दिल्लीच्या मुलांना हे उद्यान खुले झाले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९८२ पासून या संग्रहालयाला राष्ट्रीय प्राणी उद्यान असे नाव आहे.

याच सुमारास युरोपात एक शास्त्रज्ञ निराळाच विचार मांडीत होता. त्याचे नाव हायनी हेडिगर. स्वित्झर्लंडमधील बर्न, बाझेल आणि झ्युरिच या तिन्ही शहरांच्या संग्रहालयांचा कारभार त्याने पाहिला आणि १९४२ साली कोंडलेल्या वन्य प्राण्यांवर एक मूलगामी ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रानातील प्राणी आपल्याला वाटतो तसा मोकाट हिंडणारा नसतो. त्याचा स्वतःचा एक मुलूख असतो. त्यात निजण्याची जागा ठरलेली, पाणी पिण्याची ठरलेली, लपण्याची ठरलेली, या जागांना जोडणाऱ्या वाटाही ठरलेल्या. शेजाऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले, की भांडण. तेव्हा किती चौरस हात जमीन दिली याला अर्थ असला, तरी त्या जमिनीत काय आहे, याला त्याहून अधिक अर्थ आहे. उघड्या मैदानाच्या मधोमध उभ्या केलेल्या हरणाला एकरभर जागा असली, तरी आडोसा नसेल तर ते सतत भेदरलेले राहील. उलट, लहानशा आवारात झुडूप असेल आणि माणसाने ठरावीक अंतराच्या आत यायचे नाही असा नेम असेल, तर तेच हरीण स्वस्थ रवंथ करील. घराचे माप गजाने घ्यायचे नसून त्यात राहणाऱ्याला काय काय करता येते यावरून घ्यायचे, हा धडा हेडिगरने घालून दिला.

हा धडा न गिरवल्यास काय होते, याचे एक सुंदर उदाहरण लंडनमध्ये आहे. सुंदर हा शब्द मी जाणून वापरतो. तेथील संग्रहालयात १९३४ साली बर्थोल्ड लुबेटकिन या नामांकित वास्तुशिल्पीने पेंग्विनांसाठी एक तलाव बांधला. अंडाकृती पांढरी भिंत, मध्ये निळे पाणी आणि त्यावर एकमेकींना वळसा घालून उतरणाऱ्या काँक्रीटच्या दोन अधांतरी घसरणी. वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याची छायाचित्रे छापली जातात. राष्ट्राचा ठेवा म्हणून ती इमारत जतन केलेली आहे. फक्त पेंग्विन तेथे नाहीत. काँक्रीटवर सतत चालून त्यांच्या पायांना इजा होऊ लागली आणि २००४ साली त्यांना दुसरीकडे हलवावे लागले. माणसाने ज्याला शतकातील एक उत्तम कृती म्हटले, ती त्या पक्ष्याच्या तळपायाला मानवली नाही.

पेंग्विनांचा विषय निघाला आहे, तर मुंबईचीही आठवण होते. भायखळ्याची राणीची बाग, जिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, तेथे २०१६ साली हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ मध्ये थंड केलेल्या हवेच्या काचघरात ते लोकांना पाहायला मिळू लागले. ते पाहायला गेलेल्या मुलांच्या मनात एक चित्र पक्के असते: पेंग्विन म्हणजे बर्फ. परंतु हा हम्बोल्ट पेंग्विन राहतो दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ, कोरड्या किनाऱ्यांवर. तेथे समुद्र थंड, पण जमिनीवर बर्फाचा कण नाही. जमिनीत किंवा कपारीत बीळ करून तो अंडी घालतो. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे? मुलाच्या मनातील बर्फ दाखवावा, की पक्ष्याच्या मनातील बीळ? माझ्या मते बीळ दाखवावे आणि बर्फ का नाही ते मुलाला समजावून सांगावे. मूल निराश होणार नाही. उलट, घरी जाऊन तेच वडीलधाऱ्यांची चूक दुरुस्त करील.

अलीकडच्या काळात या दिशेने बरीच वाटचाल झाली आहे. अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या वुडलँड पार्क संग्रहालयाने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोरिलांसाठी एक आवार तयार केले. तोपर्यंत गोरिला म्हणजे फरशी लावलेल्या खोलीतील जनावर. तेथे मात्र जिवंत झाडे लावली, गवत वाढू दिले, ओढा सोडला आणि प्रेक्षकाची वाटही त्याच झाडीतून नेली, म्हणजे पाहणारा आणि पाहिला जाणारा दोघेही एकाच रानात. पुष्कळांनी भाकीत केले होते की, गोरिला झाडे उपटून टाकतील. तसे काही झाले नाही. आपल्या देशातही १९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात संग्रहालयांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले आणि १९९२ साली केंद्रीय चिडियाघर प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय कोणालाही संग्रहालय चालवता येत नाही. आणि काही ठिकाणी तर रानाचा देखावा उभारण्याऐवजी संग्रहालयच रानाच्या हवेत नेले गेले. दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयी प्राणी उद्यान हे १९५८ साली सुमारे सात हजार फूट उंचीवर स्थापन झालेले असून हिमबिबटे आणि तांबडे पांडा तेथे आपल्या हवेत वाढतात. तेथेच वाढलेल्या दोन पांडा माद्या २००३ साली सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या. संग्रहालयाने दिले, आणि रानाने घेतले. याहून चांगली पावती ती कोणती?

तथापि झाडे आहेत, पाणी आहे, खंदक आहे, एवढ्याने घर पुरे होते असे समजू नये. दिल्लीच्याच उद्यानात शंकर नावाचा एक आफ्रिकी हत्ती होता. झिम्बाब्वेने राष्ट्रभेट म्हणून दिलेला हा हत्ती १९९८ साली जोडीदारासह येथे आला. जोडीदार काही वर्षांतच गेला. त्यानंतर शंकर राहिला तो एकटा, आणि एकटाच सप्टेंबर २०२५ मध्ये मरण पावला. हत्ती हा कुटुंबात वाढणारा जीव. आवाजाने, स्पर्शाने, वासाने तो दिवसभर आपल्या माणसांशी, नव्हे, आपल्या हत्तींशी बोलत असतो. ज्याच्याशी बोलावे असे आपल्या जातीचे कोणीच नाही, त्याला आवार मोठे करून देऊन काय उपयोग? हत्तीचे घर म्हणजे दुसरा हत्ती. संग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, असा निर्देश केंद्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये दिला होता, तो याच जाणिवेतून.

म्हणून म्हणतो, शेवटी त्या बाभळींवरच्या चित्रबलाकांपाशी पुन्हा यावे. त्यांना येथे काय मिळते? बेटाभोवती पाणी आहे, त्यामुळे मांजर, मुंगूस वर चढत नाही. पावसाने तळी आणि यमुनेकाठच्या पाणथळी भरतात, त्या वेळी मासळी मुबलक असते. पिलांच्या चोची जेव्हा सर्वांत मोठ्या पसरतात, तेव्हा मासेही भरपूर असतात. बसायला जातभाईंचा मेळा आहे. माणसे काठावरून जातात-येतात, पण पाण्यात उतरत नाहीत. अन्न, आडोसा, सोबत, आणि माणसाचे ठरावीक अंतर. हेडिगरने ग्रंथात जे लिहिले, ते या पक्ष्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता शोधून काढले आहे. भर दुपारी एखादी मादी पंख अर्धवट पसरून, स्वतः उन्हात उभी राहून, पिलांवर सावली धरते. तेवढे दृश्य पाहिले, तरी तिकिटाचे पैसे वसूल होतात.

अर्थात उघड्या दारातून सुख तेवढे आत येते असे नाही. २०१६ साली आणि पुन्हा २०२५ साली याच उद्यानात बर्ड फ्लूची साथ आली, चित्रबलाक मेले आणि फाटक बंद ठेवावे लागले. खुले घर म्हटले, की त्याला आभाळाची सुखदुःखे चुकत नाहीत. तरीही चित्रबलाक येतात, आणि ते येतात तोवर त्या जागेत काही चांगले उरले आहे असे समजायला हरकत नाही.

आपण पुढच्या वेळी मुलांना घेऊन अशा एखाद्या उद्यानात गेलात, तर एक साधी गोष्ट करून पाहा. वाघाच्या आवारापाशी पोचल्यावर वाघ दिसला नाही, तर आवाज देऊ नका, टाळी वाजवू नका, पहारेकऱ्यावर रागावू नका. मुलांना सांगा, तो आत कुठेतरी झाडीत निजला असेल. ज्याला लपायला जागा आहे, त्याच्यापाशी घराचा थोडा तरी अंश आहे. पाच मिनिटे उभे राहा. गवत हलले, कान दिसला, शेपटीचे टोक दिसले, तर भाग्य समजा. नाहीच दिसला, तर तळ्याकडे चला. तेथे बाभळीच्या फांद्यांवर ज्यांना कोणी बोलावले नव्हते ते पाहुणे बसलेले असतील. आणि फाल्गुनात गेलात, तर कदाचित रिकामी घरटीच दिसतील. मुलांनी विचारले, की पक्षी कुठे गेले, तर त्यांना खरे तेच सांगा. जायचे होते, म्हणून ते गेले.